बारीक दोऱ्याच्या गाठी

डोळ्यावरची पट्टी सुटून आई घरी आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिने चिमीला विचारलं की मी दोन दिवस नव्हते, तेवढ्यात भिंतींना रंग कुणी लावला?

कुणी लावला नव्हता. भिंती त्याच होत्या, त्यांच्यावरचे पोपडेही तेच. बदलला होता तो आईचा उजवा डोळा. त्यातला मोतीबिंदू निघाला होता, डावीकडचा अजून निघायचा होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की काही दिवस पांढरं जरा निळसर दिसेल, घाबरू नका. त्यावर आईने त्यांना ऐकवलं होतं की चाळीस वर्षं उकळत्या रंगासमोर उभी राहिलेय, मला निळं म्हणजे काय ते शिकवू नका. डॉक्टरीणबाई हसल्या. परकीच्या तोंडचं माणसाला गोड लागतं. रोज ऐकावं लागलं असतं म्हणजे कळलं असतं.

मग आईची नजर लेकीच्या डोक्यावर गेली. भांगाच्या दोन्ही बाजूंना चांगली बोट-बोट रुंद पांढरी पट्टी होती. हे कधी झालं, तिने विचारलं. चिमी म्हणाली, पाच वर्षं झाली असतील. पाच वर्षं ताटाला ताट लावून जेवलो आणि पोरगी पिकली ते दिसलं नाही. आई मुकाट्याने खुर्चीवर बसली. मुकाट्याने बसणं हे तिचं काम नव्हे, म्हणून चिमीने घाबरून पाणी आणलं.

चिमी कपड्यांची डिझायनर. कापडावरची नक्षीही तिची आणि कपड्याचा बेतही तिचा. कुणाच्या नोकरीत नाही. नोकरी नसली की डोक्यावर साहेब नसतो असं लोकांना वाटतं. चिमीच्या डोक्यावर दर महिन्याला नवा साहेब यायचा. एक म्हणायचा बाही सैल करा, दुसरी म्हणायची नक्षी जरा शांत करा, तिसऱ्याला काय हवं ते त्याचं त्यालाच ठाऊक नसे, पण जे केलंय ते नको एवढं पक्कं असे. पुढच्या खोलीत कापायचं लांब टेबल, कागदी साचे, शिलाई मशीन. मागच्या खोलीत मोरी, शेगडी आणि आईचं पातेलं. पुढची खोली लेकीची, मागची आईची. नक्षी चिमीची, शिवण चिमीची, पण कापडाला रंग आई द्यायची. आई पातेल्यावर वाकून "झाला" म्हणाली की रंग झाला. त्यापुढे देव आला तरी अपील नाही.

आईची शाळा दुसरीत सुटली होती. म्हणून तिचं रंगाचं टिपण दोऱ्यांचं होतं. भिंतीवर खिळ्यांची रांग, एकेका खिळ्याला एकेका रंगाचा जुडगा. जुडग्यात तीन दोरे असत. जाड तो पिवळा, मधला तो तांबडा, बारीक तो निळा. दोऱ्याला जितक्या गाठी, तितक्या चिमट्या पूड एका पातेल्याला. हात ओले असले, खोलीत वाफ दाटली, तरी बोटं फिरवली की हिशेब कळे. चिमीने हे सगळं एकदा कॉम्प्युटरवर चढवायचं म्हटलं होतं. आई म्हणाली, चढव, आणि वीज गेली की त्यालाच विचार.

सगळ्यांत नावाजलेला रंग होता सायीचा. तापवलेल्या दुधावर धरते त्या सायीचा. ना पांढरा, ना पिवळा. ज्या बायका चिमीकडे एकदा येत त्या या रंगासाठी पुन्हा येत. त्यातली एक दुकानवाली बाई तर तिच्या सबंध खिडकीत फक्त हाच रंग मांडायची म्हणत होती. तीस कपड्यांचं काम. त्याचा नमुना बघायला ती आज चार वाजता येणार होती.

आणि नेमकं याच रंगाने आईला तीन वर्षं आतून पोखरलं होतं.

ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. झालं असं होतं की तीन वर्षांपूर्वी सायीच्या रंगाच्या कापडाचा एक ताका परत आला. तो घेतलेली दुकानदारीण, आजची नव्हे, दुसरीच, म्हणे हिरवट दिसतोय. आईने फोन हातात घेऊन तिला सुनावलं की आधी दुकानातले दिवे बदला. फोन ठेवला आणि विषय संपला. पण आईला स्वतःला तो रंग काही दिवसांपासून फार पिवळा वाटत होता. म्हणून त्या ताक्याच्या आधीच तिने बारीक दोऱ्याला एक गाठ वाढवली होती. ताका परत आल्यानंतरच्या खेपेला बोटं फिरवली, तर गाठ नव्हती.

तिला वाटलं, मारायची राहिली असेल. तिने पुन्हा मारली. पंधरा दिवसांनी पुन्हा नाही. मग तिने दात-ओठ खाऊन मारली, मारताना मोठ्याने म्हणाली, की ही बघ, मारली. तीही गेली, तिच्यानंतरचीही गेली. तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. आधी किल्ल्या विसरली, मग शेगडी, मग स्वतःच्या मुलाला दार उघडून विचारलं की कोण हवंय तुम्हाला. शेवटी तिला खिडकीशी खुर्ची दिली आणि माणसं तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलू लागली. आईला मरणाची भीती नव्हती. त्या खुर्चीची होती. म्हणून ती रोज सकाळी उठल्या उठल्या मनातल्या मनात शेजाऱ्यांची नावं, बहिणीच्या मुलांचे वाढदिवस, जुन्या गिऱ्हाइकांची मापं घोकायची. एखादं अडलं की दिवसभर चिमीच्या अंगावर खेकसायची. आणि पुढे पुढे तिने गाठी वाढवणं सोडलं. जेवढ्या बोटांना लागतील तेवढ्याच चिमट्या टाकायच्या, डोळ्याला रंग पटो वा ना पटो. आपलं डोकं गेलंय तर निदान दोऱ्याचं तरी शाबूत आहे, असा विचार.

पाणी पिऊन झाल्यावर आई उठून मागच्या खोलीत गेली. नव्या डोळ्याने तिला सगळं बघून घ्यायचं होतं. मोरीच्या कडेचे डाग तिला काळे माहीत होते, ते निळे निघाले. तिचा रोजचा काळा परकर गडद निळा निघाला. म्हणजे इतकी वर्षं ती संक्रांतीलासुद्धा काळा म्हणून निळा परकर नेसत होती आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. ती स्वतःशीच चुकचुकली, पण अजून तिला गंमत वाटत होती.

मग तिने फडताळातला डबा काढला. तीन वर्षांपूर्वी परत आलेल्या ताक्याचा हातभर तुकडा तिने त्यात जपून ठेवला होता, त्या दुकानदारणीचं तोंड बंद करायला कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. तो तिने खिडकीत धरला. तळव्याने उजवा डोळा झाकला. डावीकडून बघितलं तर साय, जरा पिवळीच. मग डावा झाकला.

कापड हिरवं होतं. नासलेल्या दुधाच्या पाण्यासारखं. आजाऱ्याच्या नखासारखं.

तिने हात बदलला, पुन्हा बदलला. साय, नासलेलं पाणी. साय, नासलेलं पाणी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिला आयुष्यभर दिसत आलं होतं. आपल्या डोळ्यातलं मुसळ आता डॉक्टरीणबाईंनी काढून हातात दिलं होतं. पिवळं कापड नव्हतं, डोळा होता, आणि त्यावर निळं ओतणारी ती होती. त्या दुकानदारणीला ती काय काय बोलली होती ते एकेक आठवू लागलं. दिव्यांचं बोलली होती. तिच्या आईवरूनही बोलली होती.

पण मग एक प्रश्न उभा राहिला. त्यानंतर तीन वर्षांत एकही ताका परत आला नव्हता. डोळा तर बिघडतच गेला होता. मग रंग सुधारला कसा?

आईने खिळ्यावरून सायीचा जुडगा काढला आणि खिडकीत नेला. तीन वर्षं ती हा बोटांनी वाचत होती. आज डोळ्याने वाचला. बारीक दोऱ्याला गाठ एकच होती. पण त्या गाठीखाली दोरा सरळ नव्हता. जरा वाकलेला, मग सरळ, मग पुन्हा वाकलेला. एक, दोन, तीन, चार ठिकाणी. दोऱ्याला एकदा गाठ बसली की ती सोडली तरी दोरा तिची वळणं विसरत नाही. आणि गाठ आपोआप सुटत नाही. कुणीतरी सुईच्या टोकाने, दोरा तुटू न देता, बेताबेताने सोडवल्या होत्या. एवढा निवांत, सफाईदार हात या घरात एकाच माणसाचा होता. तो आईनेच घडवला होता.

आईने जुडगा मुठीत धरला. ती मोरीच्या कठड्यावर बसली. पुढच्या खोलीत चिमी साचे लावत होती, कागदाची सळसळ ऐकू येत होती. डोकं गेलं नव्हतं. एक दिवसही गेलं नव्हतं. सकाळी सकाळी घोकलेली ती सगळी नावं, ते वाढदिवस, सगळं फुकट.

तिने हाक मारली. चिमी आली. आईच्या मांडीवर तो हिरवा तुकडा आणि हातात जुडगा बघून तिचा चेहरा रंग उडालेल्या कापडासारखा उतरला. तिने नाही म्हटलं नाही. ती खाली जमिनीवर बसली आणि बोलू लागली. म्हणाली, तो ताका परत आला तेव्हा मला दिसत होतं की तो हिरवट आहे. तुला सांगायला आले, तर तू फोनवर त्या बाईची सालटी काढत होतीस. मला वाटलं एकदाच सोडवावी गाठ, कळायचं नाही. मग तू पुन्हा मारलीस. काम बुडालं असतं, आई, आणि तुला सांगितलं असतं तर तू पातेल्याला पुन्हा हात लावला नसतास. डॉक्टरकडे चल म्हणून तीन वर्षं मागे लागले, ते यासाठीच.

"मला वाटलं माझं डोकं फिरलं," आई म्हणाली.

चिमीला कळलं नाही.

"गाठ मारायची आणि ती नसायची. मला वाटलं, मावशीसारखं झालं मला. तीन वर्षं मी रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेतेय, चिमे. रोज."

चिमीने तोंडावर हात नेला. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. गाठी आईच्या लक्षातच येत नाहीत, असंच ती धरून चालली होती. एकमेकींपासून लपवायला दोघी सारख्याच पटाईत, खाण तशी माती. ती आईच्या पायाशी सरकली आणि नुसती मान हलवत राहिली. रडली असती तर आईने तिला दोन शब्द सुनावले असते आणि दोघी मोकळ्या झाल्या असत्या. पण तिला रडूही येईना.  आईने मांडीवरच्या हिरव्या तुकड्याची चौपदरी घडी घातली.

मग ती म्हणाली, "चुकलं तर तोंडावर सांगायचं. मी आदळआपट करीन, पातेलं फेकीन. फेकू दे. पण माझ्या पाठीमागे माझं काही सोडवायचं नाही."

चिमीने हो म्हटलं.

चार वाजले. दुकानवाली बाई आली ती भराभर जिना चढून, हातात दोन पिशव्या, फोन कानाला. नमुना दोरीवर वाळत होता. आई दवाखान्यात असताना चिमीने तो एकटीने रंगवला होता, त्याच जुडग्यावरून. चिमीने तो काढून टेबलावर पसरला. आईने तळव्याने डावा डोळा झाकला आणि वाकली. बघत राहिली. मग चिमीच्या कानाशी हळूच म्हणाली की गार वाटतोय, जाड दोऱ्याची अर्धी चिमूट आणखी हवी होती.

 चिमीने कापडाची कड दोन बोटांत धरली. मग आईकडे बघून म्हणाली, "नाही, आई. बरोबर आहे तो."

आजवर या घरात असं कुणी बोललं नव्हतं. आईच्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. तोंडावर सांग असं तिनेच सांगितलं होतं, त्याला अजून दोन तासही झाले नव्हते. सांगताना वाटलं नव्हतं की ते इतकं लागेल. तिने पुन्हा वाकून बघितलं. डोळा म्हणत होता गार आहे. पण या डोळ्याची आणि तिची ओळख कालची, आणि दुसऱ्याने तर तीन वर्षं दगाच दिला होता. समोर उभ्या पोरीच्या डोळ्यांनी मात्र तीन वर्षं एक ताका परत येऊ दिला नव्हता.

दुकानवालीने फोन खाली ठेवला. ती कापडाकडे बघतच नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांसारखी ती आईच्या तोंडाकडे बघत होती, आई कधी "झाला" म्हणते म्हणून.

"माझ्याकडे काय बघता?" आई म्हणाली. "माझा एक डोळा शिकाऊ आणि दुसरा कामावरून काढलेला. तिला विचारा."

बाईला वाटलं थट्टा आहे. ती हसली आणि चिमीकडे वळली. चिमीने एकदा आईकडे बघितलं. आईने मान वळवून खिडकीबाहेर नजर लावली होती, पण कान इकडेच होते.

"झाला," चिमी म्हणाली. आवाज इतका बारीक आला की बाईने पुन्हा विचारलं, आणि तिला तो शब्द पुन्हा, मोठ्याने म्हणावा लागला.

आईने टेबलाची कड घट्ट धरली. तो शब्द दुसऱ्या तोंडून कसा ऐकू येतो हे तिला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं की ऐकल्यावर आपण कोसळू. पण बाई तीस कपड्यांची मापं सांगू लागली, चिमी लिहून घेऊ लागली, आणि आई आपल्या पायांवर उभीच होती. मग कुणी काही विचारलं नसतानाही ती बाईला म्हणाली की मापं नीट सांगा, मागच्या खेपेला तुमच्या घाईने दोन गळे वाया गेले.