दुपारनंतरचा हातोडा

आमच्या घरात कुणी हळू बोललं तर ‘बरं नाही का?’ असं विचारतात. खाली पत्र्याचं दुकान, वर आम्ही. पत्रा ठोकून त्याच्या छपराच्या पन्हळी, धुराच्या चिमण्या, धान्याच्या कोठ्या करायच्या, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा धंदा. ठोकाठोकीची आम्हाला इतकी सवय की ती थांबली तरच आमचं लक्ष जातं. आमच्या ह्यांचा डावा कान तर केव्हाच कामातून गेला. उजवा आहे, पण त्याला सोयीचं असेल तेवढंच तो ऐकतो.

त्यामुळे समोरच्या माडीवरच्या नर्सने नगरपालिकेत आमची तक्रार केली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. ती रात्रपाळी करून सकाळी घरी येते. तिची झोपायची आणि आमची ठोकायची वेळ एकच. मी खिडकीतून तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, “काल आलेल्यांनी आज आम्हाला शिकवू नये!” अर्थात माझा बेत म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

तक्रार एकटीच असती तर कुठेतरी धूळ खात पडली असती. पण पालिकेत तेव्हाच आवाजाच्या नियमाचं घाटत होतं, आणि एक कापडवाले सभासद त्यात हिरीरीने उतरले होते. राहत्या गल्लीत ठोकाठोकीचे धंदे नकोत, सगळ्यांनी गावाबाहेरच्या नव्या शेडमध्ये जावं, असा त्यांचा ठराव. म्हणायला सोपं. ह्यांचे गुडघे धरलेले. जिना उतरून दुकानात येतात तेच नवल. रोज गावाबाहेर जाणं-येणं त्यांना झेपणारं नव्हतं. ठराव झाला की दुकानाला टाळं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आधी आवाज मोजा, मग बोला, असं पालिकेच्या अध्यक्षबाईंनी सांगितलं. म्हणून पालिकेचा इंजिनिअर हातात मीटर घेऊन आमच्या दारात आला. आणि इथेच घोळ झाला.

आमच्या दुकानाची एक शिस्त आहे. दारात माणूस दिसला की हातोडा खाली. गिऱ्हाइकाशी बोलायचं तर दुसरा इलाजच नाही. इंजिनिअर आला, ह्यांनी हातोडा खाली ठेवला, घाम पुसला आणि विचारलं, “काय पाहिजे, पन्हळ की चिमणी?”

“काही नको, चालू द्या तुमचं,” इंजिनिअर म्हणाला. तो डाव्या बाजूला उभा होता. ह्यांना काही ऐकू आलं नाही. ते हसून त्याच्याकडे बघत बसले, तो मीटरकडे बघत बसला. शेवटी ह्यांनी त्याला स्टूल दिलं. पुन्हा दोनदा तो न सांगता येऊन गेला. दोन्ही वेळा तेच. माणूस दारात, हातोडा जमिनीवर, मीटर गप्प. मीही गप्प. चालून आलेलं नशीब कोण परत पाठवतं?

शेवटी अध्यक्षबाई स्वतः आल्या, सोबत इंजिनिअर आणि कापडवाले. गल्लीतले चार लोकही जमले. ह्यांनी सवयीने हातोडा ठेवला. मीटर बघून इंजिनिअर म्हणाला, “बाई, याहून जास्त आवाज तर पालिकेच्या पंख्याचा आहे. तक्रार खोटी दिसते.”

लोक हसले. नर्स खाली येऊन उभी होती. अंगावर रात्रपाळीचेच कपडे, डोळे लालभडक. “आत्ता बंद ठेवलंय म्हणून!” ती म्हणाली. कुणीतरी मागून बोललं, “ताई, रात्री काम करून भास होतात माणसाला.” पुन्हा हशा. तिने तोंड फिरवून बाहीने डोळे टिपले. खोटं कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

ह्यांनी माझा पदर ओढला. “काय चाललंय? ती पोरगी रडतेय का?”

मी त्यांच्या उजव्या कानात सांगितलं. हळूच सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. “आपला आवाजच होत नाही म्हणतायत! सुटलो आपण! गप्प बसा!”

ह्यांनी एकदा मीटरकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाले, “हा आमचा आवाज नव्हे.” आणि कोठीचा अर्धवट पत्रा ऐरणीवर ओढून त्यांनी हातोडा घातला.

इंजिनिअर दोन पावलं मागे सरला. कापडवाल्यांनी कानात बोटं घातली. मीटरवरचे आकडे जे चढायला लागले ते थांबेचनात. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस ऐकला होता, पण तो धोंडा असा तालात पाडून घेणारा मी पहिल्यांदाच बघितला.

जेवताना मी ताट आदळलंच. “कुणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला?”

“तिला खोटं पाडलं गं सगळ्यांनी,” ते म्हणाले. “आवाज होतो. ठोकणं बंद केल्यावरही माझ्या कानात वाजत असतो. मला माहीत नाही का?”

खरं होतं ते. राग मात्र गेला नाही. दुपारी मी भांडी घासली ती जरा जास्तच घासली.

सभा पालिकेच्या मोठ्या खोलीत होती. आवाजावरची सभा, आणि सुरुवातीलाच माइक असा किंचाळला की सगळे दचकले. कापडवाले उठले. मीटरचे आकडे वाचून दाखवले. गाव वाढतंय, लोकांना शांतता हवी, धंदे बाहेर गेलेच पाहिजेत. बोलणं काही वेडंवाकडं नव्हतं, हेच तर वाईट होतं. माना डोलायला लागल्या. हे उजवा कान पुढे करून ऐकत होते.

तेवढ्यात नर्स उठली. आता ही उरलंसुरलं वाटोळं करणार, असं मनात म्हणत मी बसले.

“तक्रार माझी आहे,” ती म्हणाली. “मला झोप हवी आहे. यांचं दुकान बंद व्हायला नकोय. मी घरी येते सकाळी आणि उठते दुपारी. त्यानंतर यांनी ढोल वाजवले तरी माझी ना नाही. सगळे मला खोटी म्हणत होते तेव्हा हे एकटेच खरं बोलले. त्यांना मी गावाबाहेर घालवू?”

“एकेका माणसाच्या झोपेवर नियम करता येत नाहीत,” कापडवाले म्हणाले.

“मग कशावर करतात?” अध्यक्षबाईंनी विचारलं आणि ह्यांच्याकडे वळल्या. “तुमच्या कामात बिनआवाजाचं काय असतं?”

मी प्रश्न कानात सांगितला. हे माइकसमोर गेले आणि नेहमीच्या आवाजात बोलले. पहिली रांग मागे कलली. “मापं घेणं! कातरणं! कथलाने सांधे झाळणं!”

“ते सकाळी आणि ठोकणं दुपारनंतर, असं जमेल?”

इथे हे अडले. “वडील सांगायचे, एक वस्तू हातात घेतली की पुरी करूनच खाली ठेवायची. मी जन्मभर तसंच केलंय.” त्यांनी नर्सकडे बघितलं. मग म्हणाले, “पण वडिलांच्या वेळी समोर कुणी दिवसा झोपत नव्हतं. जमवतो.”

वाद त्यानंतरही बराच चालला. पिठाच्या गिरणीचं काय, पाळी बदलली तर काय. शेवटी ठरलं ते असं: धंदे गल्लीतच राहतील, मोठ्या आवाजाच्या वेळा प्रत्येक गल्लीने बसून ठरवायच्या, आणि जमलं नाही तर वर्षाने पुन्हा सभा. हात वर झाले. थोडक्यात निभावलं. कापडवाल्यांचा हात खालीच राहिला, पण बाहेर पडताना त्यांनी ह्यांना दुकानासाठी पन्हळीचा भाव विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर भाजी चिरत होते. ठोकाठोक नाही, त्यामुळे घर कुणाचं तरी परकं वाटत होतं. आणि खालून कसलासा आवाज आला. रेडिओ आमच्याकडे नाही. मी जिन्यात गेले.

हे पत्रा कातरत होते आणि गात होते. मान डोलावून, अगदी रंगून, स्वतःशीच. कुठल्या गाण्याच्या ओळी कुठल्या गाण्याला जोडल्या होत्या देव जाणे. सूर तर रस्ता चुकलेला.

“हे कधीपासून?” मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं.

“काय कधीपासून?”

“गाणं!”

“रोजच म्हणतो की कामात,” ते म्हणाले. “तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं, आवडत नसेल.”

केस पांढरे झाले आमचे एका घरात, आणि हा माणूस रोज माझ्या पायाखाली गात होता. मला रडू आलं. त्यांचं लक्ष कातरीकडे वळलं तेवढ्यात मी डोळे पुसले.

समोरची खिडकी उघडली. “काकू,” नर्सचा झोपाळलेला आवाज आला, “याच्यापेक्षा हातोडा परवडला!”

“पुढच्या सभेत ठराव आण!” मी ओरडले. मग जीभ चावली, शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टूल घेऊन आत, त्यांच्या उजव्या बाजूला बसले. “म्हणा,” म्हटलं, “पण जरा हळू.”