धुतलेली खापरं

अ‍ॅम्ब्रोज थर्लबीनं उभ्या आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही त्याला धड जमली नाही.

गावाच्या कडेला बार्लीच्या शेतात घरांची कॉलनी व्हायची होती. त्याआधी नियमाप्रमाणे पुरातत्त्ववाले चर खणून जमीन तपासायला आले. त्यांची प्रमुख होती अ‍ॅम्ब्रोजचीच मुलगी, रोवीना. गावाला घरं नको होती. काहीतरी रोमन काळातलं निघावं आणि बांधकाम अडावं म्हणून जो तो देव पाण्यात घालून बसला होता. निघत होती ती नुसती पिवळी चिकणमाती.

म्हाताऱ्याला बघवेना. नांगरट झाली की याच शेतात तो खापरं शोधत हिंडायचा, लहानग्या रोवीनाला बोट धरून न्यायचा. एवढ्या वर्षांत दोघांना तिथं काही सापडलं नव्हतं, पण जीव जडायचा तो जडलाच. शेवटी एका पहाटे त्यानं दुसऱ्या गावी मिळालेली आपली रोमन खापरं आणून चराच्या तळाशी दाबली आणि तिथंच घुटमळत राहिला.

रोवीना आली, थापीनं माती खरवडली, एक खापर उचलून उन्हात धरलं.

"बाबा, जरा इकडे या. फुटलेल्या कडेत मुरलेल्या मातीचा कण नाही. टूथब्रशनं घासलंय हे."

अ‍ॅम्ब्रोजचं तोंड एवढंसं झालं. टूथब्रशनं घासायला त्यानंच तिला शिकवलं होतं, रविवारी, स्वयंपाकघरातल्या नळाखाली.

"पोरी, अहवालावरच्या तुझ्या एका सहीनं शेत वाचेल गं," तो पुटपुटला.

"सही माझी आहे, बाबा." तिनं सगळी खापरं त्याच्या खिशात कोंबली. "संध्याकाळच्या गावसभेत तुमचं नाव घेणार नाही मी. पण पुन्हा असं करू नका."

सभेत तिनं सरळ सांगितलं, "चर रिकामे आहेत. शेतात काही नाही."

"बिल्डरनं किती चारले गं?" गावसमितीच्या पेटिफरबाई कडाडल्या. "गावचीच पोर, आणि गावाच्याच मुळावर उठली!"

लोक हसले. रोवीनाचे कान लाल झाले, पण ती बापाकडे बघेना की काही बोलेना. अ‍ॅम्ब्रोजला ते सोसवेना. गप्प बसला असता तर अब्रू शाबूत राहिली असती. पण म्हातारा काठी टेकत उठला.

"पेटिफरबाई, चोर मी आहे. रोमन खापरं मी पुरली होती त्या चरात. हिनं हातात घेताक्षणी ओळखलं. मला पाठीशी घालून तुमचे टोमणे खातेय ती."



"लाज नाही वाटत, अ‍ॅम्ब्रोज?" बाई म्हणाल्या.

"माझी वाटते की. हिचा मात्र अभिमान वाटतो, छाती फुटेल इतका." त्यानं मान ताठ केली. "त्या शेतावर तुम्हा सगळ्यांपेक्षा माझा जीव जास्त. तरी सांगतो, बांधू देत घरं. माझ्या पोरीनं 'शेतात काही नाही' म्हटलं ना, मग तिथं काही नाही."