स्वच्छतेची गोळी

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे आणि जन्मजात भित्रा आहे. माझे वय विचारू नका. आम्ही एकाचे दोन होतो, त्यामुळे मी कोणाचा बाप आणि कोणाचा मुलगा, हे मलाच सांगता येत नाही. एका बसचालकाच्या मोठ्या आतड्यात माझे बिऱ्हाड होते. त्याला न पचलेले भाजीपाल्याचे धागे आम्ही पचवत असू. त्याबद्दल कोणी कधी कौतुक केले नाही. उलट आमचे नाव निघाले की लोक नाक मुरडत.

चालकाची ताई शिवणकाम करते. तिला एक वाईट खोड होती. जरा घसा धरला की ती शिवणयंत्राच्या खणातली उरलीसुरली अँटिबायोटिकची गोळी घेई. गोळ्यांनी तिच्या पोटातले माझे भाऊबंद मेले आणि रिकाम्या घरात एक उपद्रवी जिवाणू ठाण मांडून बसला. दिवसाला पंधरा पंधरा जुलाब. स्वतःचेच कपडे तिला तीनदा उसवून लहान करावे लागले. औषधाने बरे वाटे आणि पुन्हा तेच होई. शेवटी डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू हिच्या आतड्यात सोडू. भावाच्या तपासण्या झाल्या. तो पास झाला, म्हणजे खरे तर आम्ही पास झालो.

नमुना द्यायच्या दिवशी सकाळी चालक हातात गोळी घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला.

"बरं नाही का?" बायकोने विचारले.

"ठणठणीत आहे. पण हे ताईच्या पोटात जायचंय ना? म्हटलं, अँटिबायोटिक घेऊन आधी आतून स्वच्छ करावं. तिला घाण कशाला द्यायची?"

माझी पाचावर धारण बसली. रोज बस धुऊन काढणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार? ओरडावे तर मला तोंड नाही. त्याने पेल्यात पाणी ओतले.

"निदान दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारा तरी," बायको म्हणाली.

त्याने कुरकुरत फोन लावला.

"गोळी घेतलीत?" नर्सबाईंचा आवाज चढला.

"हातात आहे."

"खाली ठेवा आधी. ती घेतलीत तर द्यायला काही उरणारच नाही. ताईंना तुमची ती घाणच हवी आहे."

पेला खाली ठेवल्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

पुढचे सांगतानाही थरथरतो. आम्हाला हवा सोसत नाही. डब्यातून प्रयोगशाळेत, तिथे मिठाच्या पाण्यात, मग गाळणीतून नळीत जाईपर्यंत माझे कितीतरी सोबती गेले. ताईचे आतडे ओसाड होते आणि कोपऱ्यात तो उपद्रवी टपलेला होता. आम्ही एकमेकांना धरून राहिलो. हळूहळू त्याला जागा पुरेना. दोन महिन्यांनी ताई कपड्यांची शिवण पुन्हा सैल करत होती.

काल मात्र तिचा घसा धरला. खण उघडल्याचा आवाज आला. पाकिटात दोन गोळ्या उरल्या होत्या. मग तिने भावाला फोन लावला.

"अरे, घसा दुखतोय. घेऊ का एक?"

"डॉक्टरांना विचार आधी," तो म्हणाला. "आत माझी माणसं आहेत, ताई."

मित्रांनो, डॉक्टरांनी दिलेले औषध जरूर घ्या, ते आम्ही सोसू. पण खणातली गोळी उचलण्याआधी एकदा विचारा. ताईने खण लावून घेतला आहे. मी अजून कान देऊन बसलो आहे.