दोन बासष्ट

सडकेचा मुकादम नवल आकड्यांवर पोट भरणारा माणूस. धुळ्यापासून मैल मोजत दगड उभे केलेले. मैलामागे एकेक आकडा चढत ते नवापूरकडे जायचे. विसरवाडीपुढच्या बासष्टाव्या दगडापाशी खात्या नावाच्या म्हाताऱ्या बकरीवाल्याच्या पाड्याची वाट फुटते, हे नवलने झोपेतही सांगितलं असतं. तिथंच तर घात झाला.

त्या दगडापाशी वाघाने खात्याची बकरी धरली आणि सोडून दिली. झालं, पाड्याने दगडाचा वाघदेव केला आणि त्याला शेंदराने असा माखला की आकडा गडप. दुसऱ्या दिवशी साहेब सडक बघायला येणार होता. शेंदूर खरवडायला नवलचा हात धजेना. वाघदेवाशी वाकडं कोण घेणार? त्याने युक्ती लढवली. नवापूरच्या अंगाला, वळणापलीकडे लाकडाच्या गाड्यांची रानवाट फुटते, तिथे एक जादा दगड रोवला आणि त्यावर झोकात ६२ काढलं. साहेबाला आकडा दिसला, साहेब खूश. मैल जरा लांबला तर कोणाच्या बापाचं काय गेलं, असं म्हणून नवल ती हुशारी विसरूनही गेला.

पुढे खात्याची सून फुलवंता बाळंतपणात अडली. खात्या धापा टाकत नवलकडे आला. नवलने नवापूरला जाणारी मोटर थांबवून ड्रायव्हरला बजावलं, "डाक्टरसाहेबले सांग, पाडानी वाट बासष्टना दगडपाशी फुटस." सवयीने तोंडातून जुनाच बासष्ट निघाला.

नवापूरहून येताना नवा बासष्टच आधी लागतो. डॉक्टरचा टांगा तिथेच वळला आणि सागाच्या रानात भटकत राहिला. पाडा सापडला तेव्हा दिवस कलला होता. पोर वाचलं, फुलवंता गेली.

टांगा कुठे वळला ते ऐकलं आणि नवलला आपला जादा दगड आठवला. आपण माणूस मारलं, हे त्याला भाकरी मोडतानाही ऐकू यायचं. पण बोलायची हिंमत होईना.

फुलवंताचे दिवस झाल्यावर खात्याने त्याला रंग घेऊन बोलावलं. म्हातारा वाघदेवापुढे बसून विळ्याने शेंदूर खरवडत होता, डोळे पुसत होता.

"आप्पा, आकडा आम्हीच झाका," तो म्हणाला. "आमना शेंदूरमुये डाक्टर चुकना. आते तू आकडा परत काढी दे."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नवल खाली बसला आणि त्याने ब्रश बुडवला. दगडावर ६२ उमटलं.

खात्याला अक्षरओळख नव्हती. पण बकऱ्यांमागे फिरणाऱ्या त्या डोळ्यांनी सडकेचा दगड न् दगड पाहिलेला. तो आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"हाई चितर त्या वळणपल्याडना दगडवर बी शे," तो म्हणाला.

नवलने मान वर केली नाही. "तो बी बासष्टच शे. मीच काढेल शे."

खात्याने खरवडलेला शेंदूर पळसाच्या पानात गोळा केला. पान मिटताना तो हळूच म्हणाला, "मंग डाक्टर चुकना नही. बराबर बासष्टपाशीच उना व्हता."