घर घेण्याआधी मला वाजवून बघा

दचकू नका, मी वरून बोलतेय. छतावरून. बशीएवढी गोल, पांढरी, अंगावर लुकलुकणारा लाल दिवा. इथे जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये मला राउखमेल्डर म्हणतात, तुम्ही धुराची घंटा म्हणा.

कारखान्यात आम्हाला एकच विद्या मिळाली: धूर आला की घाबरायचं आणि सगळ्यांना जागं करायचं. लोक नाकं मुरडतात. घाबरट माणसालाही अशीच मुरडतात.

घरोघरी धुराची घंटा हवीच, असा कायदा झाला तेव्हा मला या घरात, स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये बसवलं. घर बघायला येणारे बाल्कनीला भुलायचे, मान वर कुणी करायचं नाही.

मग आले हृषिकेश आणि स्वरूपा. तिला आठवा महिना. सासूबाई बाळंतपणासाठी पुण्याहून निघायच्या होत्या आणि घराचा पत्ता नव्हता.

"प्रश्नांची सरबत्ती नको हं," तो दारातच पुटपुटला. "खाली अजून चौघं थांबलेत. नाहीतर हेही घर जाईल."

तिने मान डोलावली आणि नळ सोडून पाहिला. कपाटामागे हात घालून भिंत चाचपली, ओल आहे का म्हणून. मग छत्रीच्या टोकाने माझं बटण दाबलं.

आजवर कुणी दाबलं नव्हतं. मी जीव तोडून ओरडले. तीही ओरडली, छत्री पडली. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघरातून धावत आला, हातात स्क्रूड्रायव्हर.

स्वरूपाची नजर तिथेच खिळली. "तुम्ही काय उघडताय?"

"माझं किचन. सोबत नेणार."

"सिंकसुद्धा?"

"गेनाऊ," तो शांतपणे म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. घर सोडताना ओटा, शेगडी, कपाटं सोबत न्यायची, इथली रीतच ती.

हृषिकेशचा चेहरा उतरला. कुठल्या शेगडीवर दूध उतू घालवायचं, हेही त्याने मघाशीच ठरवलं होतं.

"मग राहू दे हे घर?" त्याने विचारलं.

"का? भिंती कोरड्या आहेत, पाणी आहे, घंटा वाजते. घेऊ या. पण आई यायच्या आत किचन बसवायचं. ते तुझ्याकडे."

बसलं. सासूबाई उतरण्याच्या आदल्या दिवशी शेवटचा नळ जोडला.

सासूबाईंनी, म्हणजे शोभनाबाईंनी, हौसेने दूध ठेवलं. ते उतू गेलं, शेगडीवर करपलं आणि मी माझं काम केलं.

"अगं बाई, हे कोण ओरडतंय?"

"आपलीच आहे, आई. माझ्यासारखी, घाबरट."

शोभनाबाईंनी मान वर करून मला नीट पाहिलं. "असू दे हो. आमच्या चिरंजीवांच्या भरवशावर राहिलो असतो, तर ओटा-शेगडी नसलेलं घर मिळालं असतं आणि भिंतीतल्या पाइपावर दूध तापवलं असतं."

आता खाली पाळणा हलतो. माझ्यावर थोडी धूळ बसलीय, पण स्वरूपा महिन्यातून एकदा छत्री घेऊन येते, आधी बाळाचे कान झाकते आणि मला वाजवते. दोघी अजूनही दचकतो.

तुम्हीही घर बघायला जाल, तेव्हा बाल्कनी मागून बघा. आधी भिंतीला हात लावा, ओटा कुणाचा ते विचारा आणि माझ्या एखाद्या बहिणीला वाजवून बघा. लोक हसतील. हसू द्या. घाबरणाऱ्यांनीच हे घर उभं केलंय.