चिनी मोत्यांची भिशी

मुंडावळ्यांचे मोती आमच्याकडे पूर्वी भुलेश्वरहून यायचे. आमचे हे, म्हणजे दौलतराव, पोपटशेठच्या गादीवर बसून उसाचा रस पीत भाव पाडायचे, पैसे त्याच्या हातात ठेवायचे आणि पिशवी घेऊन डोंबिवलीला परत यायचे. मधे तिसरं माणूस नाही. पोपटशेठ लबाड होता, पण त्याची लबाडी समोरासमोर चालायची, त्यामुळे भांडायची सोय होती.

आता ते दोघेही वर गेले. तिथेही एकमेकांना फसवत असतील. मोती चीनमधल्या यिवू गावाहून येतात आणि मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा गाळा मुलगा विनीत चालवतो. चालवतो म्हणजे, तो बंद करून कुरियरवाल्याला भाड्याने द्यायची स्वप्नं बघतो. गाळ्यात जीव रमतो तो सुनेचा, संचिताचा. गेल्या वर्षी तिने ठाण्याला जांभळी नाक्यावरच्या एका घाऊक दुकानातून लग्नाच्या सीझनची मुंडावळ्यांची मोठी ऑर्डर स्वतः जाऊन आणली. माल तुळशीच्या लग्नाआधी हवा होता.

"वेळेवर गेली तर गाळा तुझा," विनीत तिला म्हणाला. "नाही गेली तर मी कुरियरवाल्याला हो म्हणणार."

"चालेल," ती म्हणाली. आमच्या वेळी नवरा-बायकोत असे करार नव्हते, सगळं ओरडून व्हायचं.

अडचण होती ती यिवूच्या लिनबाईंना पैसे पाठवण्याची. या बाई विनीतला प्रत्येक मेसेजमध्ये 'डिअर' म्हणतात. संचिताने ते मनाला लावून घेतलं होतं, पण एकदा त्यांनी मलाही डिअर लिहिलं तेव्हा ती निवळली. तर त्यांना पैसे पाठवायचे म्हणजे आधी आपली बँक शुल्क घेते. मग डॉलरचा भाव पेपरात असतो त्याहून चढा लावते. वाटेत आणखी एक बँक बसलेली असते, तीही आपला घास काढून घेते. लिनबाईंना पैसे कमी पोचतात आणि त्या मोत्यांचं खोकं अडवून धरतात. राहिलेले चार डॉलर पाठवायचे तर पुन्हा पहिल्याएवढंच शुल्क.

मी विनीतबरोबर बँकेत गेले.

"ही वाटेतली बँक कोणाची?" मी साहेबांना विचारलं.

"आजी, ती परदेशातली असते."

"तिला आम्ही बोलावलं होतं का?"

साहेब हसले. "सगळे चार्जेस तुम्हीच भरायचे असा पर्याय घ्या ना. मग समोर पूर्ण रक्कम जाते."

त्याचे किती पडतात ते त्यांनी सांगितलं आणि मी पदर सावरून उठले. सत्यनारायण इतकं सगळं देतो असं म्हणतात, पण त्याची दक्षिणा याहून कमी असते.

बाहेर आल्यावर विनीत म्हणाला, "आई, शुल्क ठरलेलं असतं गं. लहान रक्कम असो की मोठी. मोठ्यांना ते जाणवत नाही. आपलं खोकंच एवढंसं."

"मग खोकं मोठं करू."

आमच्या शेजारच्या गाळ्यात कुंडलिक मोत्यांची तोरणं करतो आणि पलीकडे मेघना नथी करते. दोघांचेही मोती लिनबाईंकडूनच. तिघांनी मिळून एकच ऑर्डर द्यायची, पैसे एकदाच पाठवायचे, शुल्क तिघांत वाटायचं. विनीतच्या सीएने सांगितलं की माल एकाच्या नावावर मागवा आणि त्याने बाकीच्यांना रीतसर बिलं द्या, म्हणजे कायद्यातही बसेल. मग नाव कोणाचं, यावर जुंपली.

"वहिनी, विनीतच्या नावावर नको," कुंडलिक म्हणाला. "उद्या स्वतःला शेठ समजायला लागेल."

"आणि तुमच्या नावावर घेतलं तर तुम्ही काय समजाल, काका?" मेघनाने विचारलं.

मी म्हटलं, चिठ्ठ्या टाका. या वसाहतीतल्या बायाबाप्यांची भिशी मी किती वर्षं चालवते आहे. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे भरायचे, चिठ्ठी निघेल त्याने सगळे उचलायचे, सगळ्यांचे नंबर लागून जाईपर्यंत असंच. या भिशीवर लोकांनी मुलींची लग्नं केली आहेत. "हेही भिशीसारखंच करू," मी म्हटलं. सगळ्यांना पटलं. चिठ्ठी कुंडलिकची निघाली.

तिघांचे पैसे जमले आणि कुंडलिकच्या खात्यातून एकदम गेले. या वेळी सगळे चार्जेस आम्हीच भरले, तिघांत ते अंगावर आले नाहीत. लिनबाईंना पूर्ण रक्कम मिळाली आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना डिअर म्हटलं. कस्टममधून माल सुटायला वेळ लागतो म्हणून आम्ही निवांत दिवाळीच्या फराळात गुंतलो. दिवाळी संपली तेव्हा संचिता, मेघना आणि मी कुंडलिकच्या गाळ्यात गेलो.

"खोकं आलं का हो?" संचिताने विचारलं.

"केव्हाच." त्याने वर हात केला. छतापासून जमिनीपर्यंत तोरणं लटकत होती.

"आणि आमचे मोती?"

"तुमचे कसले? माझा नंबर लागला ना."

"अहो, तो नंबर पैसे पाठवायचा होता," मी म्हटलं.

"वहिनी, भिशीत कधी नुसते पैसे पाठवायला नंबर लागलेला ऐकलाय? दौलतरावांचा लागलेला तेव्हा त्यांनी फ्रीज घेतलेला. आम्हाला बर्फ वाटला होता का? पुढच्या महिन्यात मी भरणारच आहे. माझा हप्ता चुकला असेल तर सांगा."

नियम माझेच होते. मेघना तोंड फिरवून हसत होती. संचिता मात्र बोटांवर दिवस मोजत होती. यिवूहून दुसरं खोकं मागवायला वेळ नव्हता आणि भुलेश्वरला सीझनचा भाव दुप्पट झाला होता.

तेवढ्यात मागून कुंडलिकची बायको बायजा बोलली. "वाटायचं राहू द्या, विकून तरी कुठे झालीत. दिवाळी गेली, आता दाराला तोरण कोण बांधतंय? पलंगावर तोरणं निजतात नि मी खाली."

संचिताने एक तोरण हातात घेतलं. आडवी दुपदरी पट्टी, खाली लोंबत्या सरी. तिने ते कपाळाला लावून पाहिलं.

"काका, कात्री द्या."

"अगं ए, मोडायचं नाही. मजुरी गेलीय त्यात."

"मोडत नाही. पट्टी कपाळावर, दोन सरी कानांवरून खाली. बाकीच्या सरी सोडवल्या की मेघनाच्या नथींना."

मजुरीवरून मग अशी घासाघीस झाली की मला पोपटशेठची आठवण येऊन भरून आलं. कुंडलिक ओवण्याचे पैसे मागत होता, मी कापण्याचे. शेवटी ठरलं ते साधारण बँकेच्या वाचवलेल्या शुल्काइतकंच. म्हणजे आमची सगळी बचत शेजारच्या गाळ्यात गेली. माझं काही म्हणणं नाही. वाटेतल्या बँकेला मी कधी पाहिलेलं नाही, कुंडलिक निदान ओळखीचा.

पहिली मुंडावळी तयार झाली, पण माप घ्यायला डोकं हवं होतं. संचिताने ती कुंडलिकलाच बांधली. टक्कल, पांढऱ्या मिशा आणि दोन्ही कानांवर मोत्यांच्या सरी.

बायजाने त्याला नीट न्याहाळलं. "शोभतंय. पण या वेळी नवरी दुसरी शोधा, मी येणार नाही."

कात्र्या चालत राहिल्या. बायजाही बसली, तिला पलंग मोकळा करायचा होता. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी टेम्पो जांभळी नाक्याला गेला. दुकानदाराने सरी हातावर तोलून पाहिल्या आणि म्हणाला, या वर्षी काम भरगच्च आहे. दाराचे मोती आहेत हे त्याला कोणी सांगितलं नाही. कल्याणपासून ठाण्यापर्यंत किती नवऱ्या दाराचं तोरण कपाळाला बांधून बोहल्यावर उभ्या राहिल्या असतील, देव जाणे.

संध्याकाळी विनीतने कुरियरवाल्याला फोन लावला आणि गाळा द्यायचा नाही म्हणून सांगितलं. संचिता समोरच उभी होती. तिने स्पीकर लावायला लावला.