एका पुस्तकाच्या दोन प्रती

आमच्या घरात प्रत्येक पुस्तक दोनदा यायचं. एक माझं, एक हिचं. ही हातात पेन्सिल घेऊन वाचायची आणि समासात लिहायची, आणि मला पुस्तकावर रेघ उठलेली खपत नाही. लग्नानंतर महिनाभर भांडलो, मग दोन प्रती घ्यायला लागलो. "संसार एक, पुस्तकं दोन," असं ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिनं काय लिहिलंय ते मी कधी उघडून बघितलं नाही. म्हटलं, घाई काय आहे, घरातच तर आहेत.

ही गेली त्याला पावणेदोन वर्षं झाली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर टाईप करत असतो. खरं तर दिवस जातो तो दुसऱ्यानं लिहिलेलं वाचण्यात. पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी कोड समोर असतो आणि हा माणूस असा का वागला असेल, याचा विचार करत बसायचं. गोष्टी वाचायची सवय असलेला माणूस अशा वेळी कमी चिडतो, हे माझं जुनं मत. ही म्हणायची, "मत बरोबर आहे, फक्त तुम्ही त्याला अपवाद आहात."

यंदा मुलीचं आणि जावयाचं माझ्याकडे राहायला यायचं ठरलं. त्यांना खोली हवी, आणि खोलीत तर पुस्तकंच पुस्तकं. मुलगी म्हणाली, "बाबा, दोन-दोन प्रती कशाला? एकेक वाचनालयाला देऊ या." मला पटलं. माझी जातील, हिची राहतील, असं मी मनात धरलं. बोललो मात्र नाही.

रविवारी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पुस्तकामागच्या बारकोडवर मोबाईल धरायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की पुस्तक 'द्यायचं' या यादीत. आधी माझं कपाट मी केलं. हिच्या कपाटाला हात लावणं मला जमेना, म्हणून ते नंतर मुलीनं केलं. म्हणजे दुसऱ्यांदा आलेलं प्रत्येक पुस्तक हिचं. हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर कळलं नाही.

मंगळवारी मीटिंगमध्ये असताना मुलीचा फोन आला. "बाबा, टेम्पो आलाय. यादीप्रमाणेच देऊ ना? नक्की?"

"यादी प्रोग्रॅमनं काढलीय. चुकायची नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो तर हिचं कपाट रिकामं.

"मला वाटलं, तुला ते कपाट बघवत नाही," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. "म्हणून तर दोनदा विचारलं."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात फोन केला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "शिक्का बसलेलं पुस्तक परत देता येत नाही. बदली प्रत आणलीत तर विचार करू." बदली प्रती माझ्याकडे होत्याच, कोऱ्या करकरीत.

ऑफिसात आमच्या टेस्टर बाईंना ही हकीकत सांगितली. दुसऱ्याच्या चुका शोधणं हेच त्यांचं काम, आणि त्या ते आवडीनं करतात.

"सर, दोन्ही पुस्तकं एकच, हे कशावरून ठरवलंत?"

"क्रमांकावरून."

"मग जुळी मुलं झाली असती तर एक देऊन टाकलं असतंत का?"

सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

शनिवारी चार खोकी घेऊन वाचनालयात गेलो. दाराजवळच्या टेबलापाशी एक काका वाचत बसले होते. बस चालवून निवृत्त झालेले, हे नंतर कळलं. वाचता वाचता एकदम खो खो हसले. हातातलं पुस्तक हिचं होतं, समासातली पेन्सिल लांबूनही दिसत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"अहो, हा नायक तणतणत घर सोडून निघतो. तर कुणी बाईंनी बाजूला लिहिलंय, 'जा बाबा जा. जेवायच्या वेळेला येशील परत.'" त्यांनी डोळे पुसले. "आणि पुढे बघा. 'आमच्या ह्यांना असं रागावता येत नाही. रागावले की कॉम्प्युटरशी बोलतात.' या बाईंचे 'हे' कोण आहेत ते एकदा बघायचंय मला."

"बघा," मी म्हणालो. "मीच."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि पेन्सिलवाल्या बाई?"

सांगितलं. त्यांनी पुस्तक हळूच मिटलं आणि माझ्यापुढे धरलं. "घ्या. तुमचं आहे."

मी घेतलं. बारीक तिरकं अक्षर. एका पानावर लिहिलं होतं, 'हे ह्यांना दाखवायला हवं. पण पेन्सिल बघूनच पळतील.' मी तिथेच खुर्चीवर बसलो.

मग काकांनी घसा खाकरला. "एक विचारू? तो जेवायला परत येतो का? मी एकशेदहाव्या पानावरच आहे."

"माझी कोरी प्रत आणलीय. त्यात वाचा."

"कोऱ्यात काय मजा?" काका पटकन बोलून गेले आणि ओशाळले.

ग्रंथपाल बाईंनी खोक्यांकडे बघितलं. "बदलून देते, सही करा. पण चार दिवसांत या पुस्तकांना विचारणा सुरू झालीय. काकांनी त्यांच्या फिरायच्या मंडळात सांगितलंय. त्या लिहिलेल्याच प्रती द्या म्हणतात लोक."

मी सही करायला पेन उचललं. घरी नेऊन मी काय करणार होतो? कपाटात ठेवणार होतो. पंचवीस वर्षं तेच केलं होतं. इथे ही चार दिवसांत माणसांशी बोलायला लागली होती, आणि माणसं हसत होती.

पेन खाली ठेवलं. पुस्तक काकांना दिलं. "वाचून घ्या. मग मी वाचतो."

"मग नाव नोंदवा," बाई म्हणाल्या. "याला आधीच दोघं आहेत. तुमचा नंबर तिसरा."

"अहो, माझ्या बायकोचं पुस्तक आहे!"

"म्हणून तर तिसरा. नाहीतर सभासदत्व मिळायलाच आठवडा लागतो."

काकांनी पुस्तकात डोकं घालून हसू लपवलं. मी फॉर्म भरत होतो तोच मुलीचा फोन आला.

"बाबा, मिळाली का आईची पुस्तकं?"

"नाही. रांगेत आहे. तिसरा."

ती खळखळून हसायला लागली. "मग माझंही नाव घाल."

बाईंना विचारून तिचं नाव चौथं घातलं.